गरजवंताचा पत्ता

एखादी गोष्ट करणें गुन्हा नाहीं एवढें कळलें कीं पुष्कळांचें मन निर्धास्त होतें. ती करावी कीं न करावी हा प्रश्न मग त्यांच्यापुढें उरत नाहीं. परंतु कांहीं माणसें अशींही असतात कीं कायद्याची परवानगी हातीं आल्यावरच त्यांची खरी अस्वस्थता सुरू होते. माझा एक भाचा या दुसऱ्या जातीचा आहे. गेलीं बारा वर्षें तो अमेरिकेंत, ओहायो राज्यांत, नोकरीनिमित्त राहतो. मागल्या हिवाळ्यांत त्याचें मला एक लांबलचक पत्र आलें आणि सोबत दुसऱ्या एका पत्राचा मसुदा आला. नोकरीला जोड म्हणून घरांच्या खरेदीविक्रीचा धंदा करावा असें त्याच्या मनांत होतें, आणि हा मसुदा म्हणजे त्या धंद्याचें पहिलें हत्यार होतें. त्यानें लिहिलें होतें : "मामा, यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं, हें मीं वकिलाला विचारून घेतलें आहे. तरी पण पत्रें टपालांत टाकण्यापूर्वीं एकदां तुम्हांला मसुदा दाखवावासा वाटला." त्याला मीं जें उत्तर पाठविलें त्याचाच हा थोडा विस्तार आहे. प्रश्न त्याचा असला तरी केवळ त्याच्यापुरता नाहीं, असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

मसुदा अगदीं साधा होता. "अमुक रस्त्यावरील आपलें घर मला विकत घ्यावयाचें आहे. घर जसें आहे तसें घेईन. दुरुस्ती किंवा झाडलोटसुद्धां करण्याची गरज नाहीं. दलाली पडणार नाहीं. पैसे रोख व लवकर मिळतील. मी व माझी पत्नी याच गांवीं राहतों. सवडीनें फोन करावा." एवढाच मजकूर. तो पिवळ्या, रेघा आंखलेल्या कागदावर छापावयाचा. आणि छापावयाचा तोही हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या टाइपानें. पाकिटावर घाऊक टपालाचा छापील शिक्का न मारतां खरेंखुरें तिकीट चिकटवावयाचें, आणि तेंही किंचित् तिरकें. म्हणजे कोणी शेजाऱ्यानें सवडीनें बसून लिहिल्यासारखें वाटावें. या पत्रांना तिकडील धंदेवाईक लोकांत "पिवळें पत्र" असें नांवच पडून गेलें आहे.

पत्रांत विशेष कांहीं नाहीं. जें आहे तें पत्त्यांत आहे. गांवांतील सर्वच घरमालकांना अशीं पत्रें पाठविलीं तर खर्च फार आणि उपयोग थोडा. म्हणून आधीं यादी करावयाची. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. ओहायोंत प्रत्येक काउंटीच्या कचेरींत कोणतें घर कोणाच्या नांवावर, त्यावर कर किती, कराचें बिल कोणत्या पत्त्यावर जातें, हें सर्व नोंदलेलें असतें, व तें कोणासही पाहतां येतें. घर एका गांवीं आणि बिल भलत्याच गांवीं जात असेल, तर मालक त्या घरांत राहत नाहीं हें उघड झालें. ज्यांचा कर थकला आहे त्यांचीं नांवें तर कायद्यानेंच वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतात. घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जाचे हप्ते तुंबले कीं त्या राज्यांत धनकोला न्यायालयांत दावा लावावा लागतो; तो दावाही सार्वजनिक. कोणी मेलें कीं त्याच्या मालमत्तेचे कागद प्रोबेट न्यायालयांत येतात. नवराबायकोचें फाटलें कीं घटस्फोटाचे कागद न्यायालयांत येतात. आवारांत गवत माजलें किंवा छप्पर मोडकळीस आलें म्हणून नगरपालिकेनें नोटीस काढली, तर तिचीही नोंद राहते.

हे सारे कागद धुंडाळून त्यांच्या याद्या तयार करून विकणाऱ्या कंपन्या तेथें आहेत. त्यांतही ज्याचें नांव एकाहून अधिक याद्यांत सांपडतें तें अधिक मोलाचें समजतात. कर थकलेला, आणि शिवाय बायको सोडून गेलेली. वडील वारलेले, आणि शिवाय घर गळकें. अशा माणसाचा पत्ता सर्वांत चांगला. एकदां यादी हातीं आली कीं त्याच पत्त्यावर महिन्या-दोन महिन्यांच्या अंतरानें पुनः पुनः पत्र जातें. शंभर पत्रांना एखाददुसरें उत्तर आलें तरी धंदेवाला समाधान मानतो. ज्यानें पहिलें पत्र केराच्या टोपलींत टाकलें तो पांचव्या पत्राच्या वेळीं टेकीला आलेला असेल, हा त्या चिकाटीमागील हिशेब आहे.

अशा मालकाला तिकडे "मोटिव्हेटेड सेलर" म्हणतात. शब्द मोठा सोज्ज्वळ आहे. विकण्याची ज्याला प्रेरणा झाली आहे तो, असा त्याचा अर्थ. जणूं काय एखाद्या सकाळीं उठतांच त्याच्या अंतःकरणांत विक्रीची स्फूर्ति झाली! आपल्या भाषेनें येथें अधिक सरळपणा दाखविला आहे. आपण त्याला अडलेला, नडलेला म्हणतों. आणि त्याची स्थिति सांगतांना "गरजवंताला अक्कल नसते" असें म्हणून मोकळे होतों. ही म्हण गरजवंताची निंदा करण्यासाठीं नाहीं. नडलेल्या माणसाची बुद्धि नड भागविण्यांत इतकी गुंतलेली असते कीं भाव पाहण्यास ती शिल्लक राहत नाहीं, हा अनुभव तींत सांगितला आहे. तेव्हां भाच्याचा प्रश्न मराठींत मांडावयाचा तर असा मांडावा लागेल : ज्याला या घटकेस अक्कल नाहीं हें आपणांस ठाऊक आहे, किंबहुना ठाऊक आहे म्हणूनच ज्याला आपण शोधून काढलें, त्याच्याशीं सौदा करावा कीं करूं नये?

उत्तराची घाई करण्यापूर्वीं दुसरी बाजू पुरी ऐकून घेतली पाहिजे. कारण ती लेचीपेची नाहीं. नडलेल्याला गिऱ्हाईक नको असतें असें नाहीं. त्यालाच तें सर्वांच्या आधीं हवें असतें. मिनेसोटा राज्यांतील हेनेपिन काउंटीचा एक खटला २०२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. वादी एक चौऱ्याण्णव वर्षांची वृद्धा होती. तिच्या सदनिकेचा सुमारें २,३०० डॉलर कर थकला होता. व्याज, दंड व खर्च मिळून तो आंकडा सुमारें १५,००० डॉलरांवर गेला. काउंटीनें ती जागा ताब्यांत घेऊन ४०,००० डॉलरांना विकली, आणि वर उरलेले २५,००० डॉलरही स्वतःजवळच ठेवून घेतले. हें राज्यघटनेच्या विरुद्ध आहे, असा न्यायालयानें एकमतानें निर्णय दिला. परंतु तो निर्णय येईपर्यंत त्या राज्यांत व आणखीही कांहीं राज्यांत हाच रिवाज होता. अशा वृद्धेला वेळेवर एखादें पिवळें पत्र आलें असतें, आणि तें लिहिणारानें घासाघीस करून तीस हजारांना जागा घेतली असती, तरी देणें भागवून निम्मी रक्कम तिच्या हातीं राहिली असती. धूर्त खरेदीदार निर्दय सरकारापेक्षां पुष्कळ वेळां बरा, हें नाकबूल करतां येणार नाहीं.

शिवाय सगळेच नडलेले दीन असतात असें नाहीं. चार ठिकाणीं पांगलेल्या चार भावंडांना आईबापांचें जुनें घर वारशानें मिळतें. तें कोणालाच नको असतें, कर मात्र चढत असतो. एखाद्या आजारी माणसाला दलालामागून रोज नवीं माणसें घरांत फिरावीं हें सोसत नाहीं. अशांना चार पैसे कमी येऊन सुटका झाली तर ती हवी असते. आणि शेवटीं, जबरदस्ती कोणी केली? पत्र फाडून टाकतां येतें; फोन न करणें तर त्याहून सोपें. भाच्यानें हें सर्व लिहिलें होतें, आणि त्यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती.

हा वाद नवा नाहीं. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ आपल्या मुलाला उद्देशून लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत त्यानें एक प्रश्न घेतला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन तेथें पोंचतो. मागून आणखी धान्याचीं गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलेलें आहे. तें लोकांना सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें आपला माल विकावा? बाबिलोनच्या डायोजेनीसच्या मतें मालांतील दोष कायद्याप्रमाणें सांगितला व फसवणूक केली नाहीं, म्हणजे विकणाराचें कर्तव्य संपलें. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसानें माणसापासून असें कांहीं लपवूं नये. सिसेरो शिष्याच्या बाजूनें कौल देतो. नुसतें न बोलणें निराळें आणि लपविणें निराळें, असें त्याचें म्हणणें; जें समजणें दुसऱ्याच्या हिताचें आहे तें त्याला समजूं नये अशी आपल्या लाभासाठीं इच्छा धरणें, हें लपविणें होय.

अमेरिकेच्या कायद्यानें मात्र गुरूची बाजू उचलली. १८१५ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें एका व्यापाऱ्याला इंग्लंडशीं चाललेलें युद्ध संपल्याची बातमी इतरांच्या आधीं समजली. ती पसरण्यापूर्वींच त्यानें तंबाखूची मोठी खरेदी उरकून घेतली. बातमी फुटतांच तंबाखूचा भाव तीस ते पन्नास टक्क्यांनीं चढला. १८१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मार्शल यांनीं निर्णय दिला कीं, दोघांनाही सारखीच मिळण्याजोगी अशी बाहेरची बातमी सांगण्याचें बंधन खरेदीदारावर नाहीं. मात्र दुसऱ्याची दिशाभूल होईल असें कांहीं त्यानें बोलूं अथवा करूं नये. भाच्याचा वकील याच परंपरेंतला. परंतु तंबाखूचा व्यापार करणारे ते दोघेही पेढीवाले होते, आणि बातमी युद्धाची होती. येथें बातमी आहे ती समोरच्या माणसाच्याच घरांतली. त्याचा बाप मेला, त्याचा हप्ता चुकला, त्याचा संसार मोडला. ती त्याला सांगावयाची नसते, ती त्याला ठाऊकच आहे. मग लपविलें काय? याचें उत्तर मला कायद्याच्या पुस्तकांत मिळालें नाहीं. तें घरच्याच एका आठवणींत मिळालें.

माझे वडील वारले तेव्हां मी कॉलेजांत होतों. कोंकणांत आमची एक लहानशी आमराई होती. दहावा दिवस झाला त्या संध्याकाळीं एक गृहस्थ समाचाराला आले. बोलणें अत्यंत गोड. वडिलांच्या आठवणीनें त्यांचे डोळेही ओले झाले. उठतां उठतां त्यांनीं आमराईची गोष्ट काढली, आणि विसार म्हणून नोटांचें एक पुडकें आईपुढें ठेवलें. वडिलांनीं कर्ज काढलें होतें आणि तें पुढल्या महिन्यांत फेडावयाचें होतें, हें त्यांना तारखेसह ठाऊक होतें. आम्हांला तें त्यांच्याच तोंडून कळलें. आमराई गेली. भाव फार वाईट मिळाला असें नाहीं, आणि त्याच पैशांतून कर्ज फिटून माझें शिक्षणही पुरें झालें. तेव्हां त्या गृहस्थांनीं आमचें वाटोळें केलें असें म्हणण्यास मला जागा नाहीं. आईनेंही भावाबद्दल कधीं तक्रार केली नाहीं. ती एवढेंच म्हणे, "ते समाचाराला आले होते कीं आमराईला, तेवढें आधीं सांगायला हवें होतें."

भाच्याच्या मसुद्यांत नेमकें तेवढेंच सांगावयाचें राहिलें होतें. "आपलें घर घ्यावयाचें आहे" असें पत्र म्हणतें. तेंच घर कां, हें म्हणत नाहीं. शेजारधर्माचा कागद, हाताच्या वळणाचीं अक्षरें, तिरकें तिकीट, हें सर्व कशासाठीं? आपण एका यादींतलें नांव आहों हें वाचणाराच्या ध्यानांत येऊं नये यासाठीं. गरजवंताला स्वतःची नड ठाऊक असते. परंतु आपली नड समोरच्याला ठाऊक आहे, हें त्याला ठाऊक नसतें. सौद्यांत बसतांना तो आपली अडचण झांकून, उसना ताठा आणून बसतो, आणि समोरचा मनांत हंसत असतो. एकाचीं पानें उघडीं आणि दुसऱ्याचीं मिटलेलीं असतांना मांडलेल्या डावाला, दोघेही राजीखुषीनें बसले म्हणून, बरोबरीचा डाव म्हणतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. बाजाराला आपण निर्दय म्हणतों. पण नडलेल्याला खरें संरक्षण बाजारच देत असतो. घर विकावयाचें आहे अशी पाटी लागली, चार गिऱ्हाइकें आलीं, म्हणजे मालकाची नड त्यांपैकीं एकाला समजली तरी त्याचा फारसा उपयोग होत नाहीं. कारण त्यानें भाव पाडला तर दुसरा चढवितो. चौघांच्या चढाओढींत घराची किंमत घराच्या योग्यतेवर ठरते, मालकाच्या अडचणीवर ठरत नाहीं. पिवळें पत्र या चौघांच्या आधीं पोंचतें. घर बाजारांत येण्यापूर्वींच तें मालकाला एकट्याला गांठतें. त्याचें सारें बळ या एकटेपणांत आहे. "दलाली पडणार नाहीं" असें पत्र सांगतें. पण दलालाबरोबर दुसरीं गिऱ्हाइकेंही येणार नाहींत, हें सांगत नाहीं.

हें एकटेपण कितीला पडतें तें आंकड्यांत पाहूं. या धंद्यांत तिकडे सत्तर टक्क्यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. दुरुस्तीनंतर घर जितक्याला जाईल त्याचे सत्तर टक्के काढावे, त्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा, आणि उरेल त्याहून अधिक देऊं नये. समजा, दुरुस्तीनंतर घराची किंमत दोन लाख डॉलर होईल आणि दुरुस्तीला तीस हजार लागतील. तर मालकाला जास्तींत जास्त एक लाख दहा हजार द्यावयाचे. तेंच घर आहे त्या स्थितींत बाजारांत एक लाख सत्तर हजारांना गेलें आणि त्यांतून सहा टक्के दलाली गेली, तरी मालकाला एक लाख साठ हजारांच्या आसपास मिळतील. मध्यें पन्नास हजारांचें अंतर राहिलें. कांहीं धंदेवाले तर घर विकतही घेत नाहींत. मालकाशीं एक लाखाचा करार करतात आणि तोच करार दुसऱ्या खरेदीदाराला एक लाख दहा हजारांना देऊन बाजूला होतात. मालकाला वाटतें कीं याच गांवांतल्या एका कुटुंबानें आपलें घर घेतलें.

हे पन्नास हजार सर्वच्या सर्व पापाचे आहेत असें मात्र नाहीं. खरेदीदार आपला पैसा गुंतवितो, त्याचें व्याज बुडतें. भिंतीआड काय निघेल याचा धोका तो पत्करतो. पुन्हां विकण्याचा खर्च सोसतो. मालकाचे तीन-चार महिने वांचवितो. याचें मोल त्यानें घ्यावें. पण तें घेऊन झाल्यावर जें उरतें तें कशाचें मोल? तेराव्या शतकांत थॉमस अक्वायनस यानें या प्रश्नाचा एक मार्मिक निवाडा केला आहे. वस्तु दिल्यानें विकणाराचें स्वतःचें नुकसान होत असेल तर त्यानें भाव वाढवावा; परंतु घेणाराला तिची विशेष गरज आहे एवढ्याच कारणानें तो वाढवूं नये, कारण ती गरज घेणाराची आहे, आणि जें आपलें नाहीं तें विकण्याचा हक्क कोणालाच नाहीं. हाच न्याय उलटा केला कीं आपल्या प्रश्नाला लागूं पडतो. खरेदीदारानें आपल्या पैशाचें, श्रमाचें, धोक्याचें मोल कापून घ्यावें. विकणाराच्या दुःखाचें मोल कापूं नये, कारण तें दुःख त्यानें सोसलेलें नाहीं.

सही झाली म्हणजे सौदा शुद्ध झाला असें मानण्यास कायदासुद्धां नेहमींच तयार नसतो. डायोक्लेशन बादशहाच्या नांवानें रोमन कायद्यांत एक नियम चालत आला आहे. योग्य किंमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत जमीन गेली असेल तर विकणाराला सौदा मोडतां येई. घेणाराला तो टिकवावयाचा असेल तर त्यानें राहिलेली किंमत भरून द्यावी. आपल्याकडे १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले. त्या रोख्यांवर निशाणी शेतकऱ्यांचीच असे. परंतु ती कोणत्या अडचणींत उठविली गेली हें रोखा सांगत नसे. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यानें न्यायाधीशाला रोख्यावरील आंकड्यामागें जाऊन व्यवहाराचा मूळपासून इतिहास पाहावयास लावलें. १८७२ च्या आपल्या करार-कायद्यानेंही, मोबदला अपुरा एवढ्यावरून करार रद्द होत नाहीं असें सांगून, संमति मोकळेपणानें दिली गेली कीं नाहीं हें ठरवितांना तो अपुरेपणा लक्षांत घेण्यास न्यायालयाला मुभा ठेवली आहे. आणि १९७९ सालीं, म्हणजे दक्षिणेंतील त्या कायद्याला बरोबर शंभर वर्षें होतांना, कॅलिफोर्निया राज्यानें जप्तीच्या वाटेवर असलेल्या घरमालकासाठीं एक कायदा केला. स्वतः राहण्यासाठीं नव्हे तर धंद्यासाठीं असें घर घेणारानें मालकाला सही केल्यानंतर कामकाजाचे पांच दिवस सौदा मोडण्याची सवलत द्यावी, आणि त्याच्या स्थितीचा अनुचित फायदा घेऊं नये, असें त्यांत सांगितलें आहे. पुणें आणि कॅलिफोर्निया यांत दुसरें कांहीं साम्य नसेल. पण गरजवंताची गेलेली अक्कल त्याला परत येण्यास वेळ द्यावा लागतो, हें दोन्हीकडे उशिरां कां होईना उमगलें.

म्हणून भाच्याला मीं धंदा सोडण्यास सांगितलें नाहीं. सार्वजनिक कागद वाचणें पाप नाहीं. पत्र लिहिणें पाप नाहीं. स्वस्त घेणेंही सरसकट पाप नाहीं. नडलेल्यांना कोणी पत्रच लिहूं नये असें ठरविलें तर ते केवळ सरकारच्या व सावकाराच्या हवालीं होतील. परंतु वाटेंत सहज भेटलेलें गिऱ्हाईक आणि नड हुंगत आलेलें गिऱ्हाईक यांचीं कर्तव्यें सारखीं नाहींत. ज्याला आपण त्याच्या संकटावरून शोधून काढलें, त्याचें आपण कांहीं लागतों. संकट पाहून गेलों तर कांहीं अंशीं संकटासाठीं गेलें पाहिजे. केवळ घरासाठीं जावयाचें असेल तर घर पाहून जावें.

यावरून मीं त्याला तीन गोष्टी लिहिल्या. पहिली, पत्ता कोठून मिळाला तें पत्राच्या पहिल्या ओळींत लिहावें : "आपला कर थकल्याचें प्रसिद्ध झालेल्या यादींत पाहिलें, म्हणून लिहीत आहें." जी ओळ लिहिण्यास आपली लेखणी अडखळते, तिच्यांतच आपल्या सौद्याचा दोष आहे असें समजावें. दुसरी, भाव सांगतांना बाजारांत घर अंदाजें कितीला जाईल तेंही सांगावें, आणि मधलें अंतर कशाचें आहे हें कलमवार लिहून द्यावें. ज्या कलमाला नांव देतां येणार नाहीं तें घेऊं नये. तिसरी, होकार आला तरी दहा दिवस सही घेऊं नये, आणि त्या दहा दिवसांत कोणा जाणत्याला विचारण्यास स्वतः सांगावें. नकार आला तर पुन्हां पत्र टाकूं नये. ज्या घरीं नुकतेंच कोणी गेलें आहे त्या घरीं तर कांहीं महिने पत्र जाऊंच नये.

त्याचें उलट टपालीं उत्तर आलें : "मामा, असें लिहिलें तर शंभर पत्रांना एकही फोन येणार नाहीं." तसें होईलही. पण मला वाटतें कीं कांहीं फोन येतील. चार ठिकाणीं पांगलेलीं तीं चार भावंडें, ज्याला घरांत परकी माणसें नको आहेत तो आजारी गृहस्थ, ज्याची लिलावाची तारीख परवांवर आली आहे आणि बाजाराची वाट पाहण्यास ज्याला अवधि नाहीं तो कर्जदार, हे सर्व जाणूनबुजून चार पैसे कमी घेतील आणि दुवा देतील. ते जें विकत घेतात ती सुटका आहे, आणि सुटका विकणें हा प्रामाणिक धंदा आहे. सत्य सांगितल्यावर जे निघून जातील त्यांच्याविषयीं मात्र एवढेंच म्हणतां येईल कीं, त्यांच्याकडून आपण घर घेणार नव्हतों. त्यांचें अज्ञान घेणार होतों.

महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि नांवाच्या तपस्व्याला आपल्या तपाचा गर्व होतो, आणि धर्म शिकण्यासाठीं त्याला काशीच्या तुलाधार नांवाच्या एका दुकानदाराकडे पाठविण्यांत येतें. व्यासांना धर्म शिकविण्यासाठीं दुसरा ऋषि मिळाला नसता असें नाहीं. पण त्यांनीं वाणी निवडला, आणि त्याची ओळख काय ती सांगितली, तर त्याचा तराजू सर्वांना सारखा आहे. समोर आलेला माणूस भरल्या घरचा आहे कीं उपाशी आहे हें तुलाधाराला दिसत नसेल असें मला वाटत नाहीं. दुकानांत बसणाराला तें सर्वांच्या आधीं दिसतें. त्याला दिसे, तराजूला दिसत नसे.

भाच्यानें अजून एकही पत्र टपालांत टाकलेलें नाहीं. मसुद्याची पहिली ओळ जमत नाहीं, असें तो लिहितो.